मामाजींची आंघोळीची बकेट

मामाजी,

आठ वर्षं आपण एका घरात राहिलो, पण तुम्ही माझ्याशी सरळ एक वाक्य बोलला नाहीत आणि मीही नाही. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलू नये ही तुमच्या गावची रीत. झरीकडून लोहाऱ्याला आमच्याकडे राहायला आलात तेव्हा पत्र्याच्या पेटीबरोबर तीही घेऊन आलात. मला काही सांगायचं असलं की तुम्ही झाडांना सांगायचात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासत असायची. तुम्ही खिडकीखाली उकिडवे बसून वांग्याच्या झाडाला म्हणायचात, "आज वरनात मीठ जास्त पडलं गड्या. पन तू कोनाले सांगू नको."

मी भांड्यांना सांगायची, "ज्याले खारट लागलं त्यानं दही घ्यावं. फ्रीजमधी आहे."

"दही आहे म्हनते," तुम्ही वांग्याला कळवायचात, आणि उठून आत यायचात.

भिंतीपलीकडच्या बेबीबाई हे ऐकायला मुद्दाम कपडे वाळत घालत उभ्या राहायच्या. मला आधी राग यायचा. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मजाही यायला लागली. तुमचा मुलगा म्हणायचा, तुम्ही दोघं जेवढं भांडता तेवढं तर बोलणारी माणसं भांडत नाहीत.

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. तुम्ही कुठे जन्मला, किती वर्षं नोकरी केली, मागे कोण कोण आहे, ते सगळं कार्डावर छापून झालं. मला जे सांगायचं आहे ते भांड्यांना सांगून भागणार नाही, म्हणून लिहिते.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. कोणी विचारलं तरी सांगते, नाही विचारलं तरी सांगते. माझे वडील हमाली करायचे, त्यांनी माझी डिग्री फ्रेम करून देवाशेजारी लावली होती. तुम्ही आयुष्यभर रोपवाटिकेत मजूर होतात. पिशव्यांतल्या रोपांना झारीने पाणी घालायचं काम. सही करायला शिकलात तेवढंच. तेव्हा झाडांचं शास्त्र या घरात कोणाला जास्त कळतं, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती.

घरामागची जागा तुम्ही आलात तेव्हा नुसता मुरूम आणि गाजर गवत होती. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. ड्रम माझ्या ताब्यात होते. कोणी किती पाणी घ्यायचं ते मी ठरवायची, आणि त्याबद्दल मला लाज नाही, कोणीतरी ठरवावंच लागतं. तुम्ही माझ्याकडे बागेसाठी एक तांब्यासुद्धा मागितला नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, माठाचं तळाशी उरलेलं पाणी, हे तुम्ही खिडकीखाली ठेवलेल्या घमेल्यात मी ओतावं एवढीच तुमची अपेक्षा. भांडी घासायला मला राख आणून दिलीत. न्हाणीचं पाणी बाहेर जायचं तिथे खड्डा करून खाली दगड, वर वाळू टाकली आणि केळी लावल्या. केळींना साबणाचं काही वाटत नाही, असं तुम्ही मिरचीला सांगत होतात.

मी मोबाइलवर पाहून सांगितलं होतं, म्हणजे पातेल्याला सांगितलं होतं, की वाफे उंच करायचे असतात. तुम्ही उलट खोल केले. ताटासारखे, कडा वर आणि मध्ये खोलगट. मिरचीला म्हणालात, "तुले उंचावर बसवलं त पानी खाली पळन. तू खालीच बस." बाजारातून साधी मातीची मडकी आणलीत आणि गळ्यापर्यंत पुरलीत, तोंडावर कवेलूचा, म्हणजे कौलाचा तुकडा. दोन वांग्यांच्या मध्ये एक मडकं. दर तीन-चार दिवसांनी भरायचं, बाकी काम मडकं स्वतः करतं. मातीवर कुटाराचा, म्हणजे भुशाचा जाड थर. पाणी द्यायच्या आधी कुटार बाजूला सारून बोट मातीत खुपसायचात. बोट ओलं निघालं तर पाणी नाही, झाड कितीही मान टाकून बसलं असलं तरी. "दुपारची नाटकं आहेत याची," म्हणायचात. "संध्याकाळी पाह्यजो, उभा राह्यते का नाई."

संध्याकाळी ते उभं राहायचं.

मे महिन्यात आमच्याकडे वांगी होती, चवळी होती, दोडके होते. गल्लीतल्या बायका विचारायला यायच्या. मी शाळेत नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून पुरलेल्या मडक्याचं शिकवलं. पाणी झिरपतं कसं, मुळं मडक्याकडे कशी येतात. पोरांनी विचारलं, मॅडम तुम्ही करून पाहिलं का? मी हो म्हणाले. तुमचं नाव सांगितलं नाही. हेही आजच सांगते आहे.

आता लिंबाचं.

ते रोप तुम्ही झरीहून येताना पेटीवर ठेवून, एका हाताने धरून एस.टी.त आणलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळं धरली. गेल्या हिवाळ्यात आपण वॉशिंग मशीन घेतलं. पहिल्याच दिवशी किती पाणी बाहेर जातं ते पाहून माझा जीव कळवळला. मी पाइप लांब करून आणला आणि थेट लिंबाच्या आळ्यात सोडला. माझ्या मनात काय होतं तेही सांगते. तुम्ही तांब्या-तांब्याने पाणी वाचवत होतात, मी एका झटक्यात ड्रमभर दिलं. मला वाटलं, आता यांना कळेल शिकलेलं डोकं काय असतं.

तुम्ही आळ्याशी बसलात. फेसाकडे बघत म्हणालात, "साबन आहे गड्या. केळीचं पोट मोठं आहे, तुह्यं लहान आहे. तुले नाई सोसत."

मी खिडकीतून कढईला म्हणाले, "त्यात फॉस्फेट राह्यते. ते खत आहे. शिकलेल्या माणसाले माहीत असते."

तुम्ही उठून मडकी भरायला गेलात.

दीड-दोन महिन्यांत पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. मग कडा करपल्या. मी दुकानातून लोहाचं औषध आणलं आणि पानांवर मारलं. बेबीबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले की लोहाची कमतरता आहे, पुस्तकात असंच चित्र आहे. पण त्याच दिवशी तुम्ही चहा प्यायला चौकातल्या हॉटेलात गेलात तेव्हा मी आळ्याजवळ गेले. कुटाराखाली माती दगडासारखी झाली होती आणि वर मिठासारखी पांढरी खार आली होती. चिमूटभर जिभेला लावली. मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. धुण्याच्या पावडरीतला सोडा होता तो, आणि त्याने मातीचा गळा धरला होता. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत.

मी पाइप काढला आणि नालीत सोडला. तुम्ही परत आलात, पाइपकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. मी भांडी हातात घेऊन वाट पाहत होते. आता झाडाला काहीतरी म्हणतील, मग मी काहीतरी म्हणेन, आणि संपेल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्ही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मामाजी. त्या गप्प बसण्याने मी जास्त चिडले.

मार्चमध्ये नळ आणखी लांबला. मी सगळ्यांना सांगितलं, आंघोळीला माणशी एक बकेट, सकाळी न्हाणीत भरून ठेवीन. थोड्याच दिवसांत तुमच्या अंगाला वास यायला लागला. बनियन मळकट. होळीला तुमची लेक, शोभाताई केळापूरहून आल्या, तुमच्या पाया पडल्या आणि तोंड फिरवून पदर नाकाला लावला. मी ते पाहिलं. ती लाज मला माझी वाटली. संध्याकाळी मी तुमच्या मुलाला म्हणाले, "बाबांना सांगा, रोज बकेट भरून देते मी. आंघोळ करत जा म्हणा. माझ्या शाळेतल्या मॅडम घरी येतात." त्यांनी तुम्हाला माझ्यासमोरच सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही केस ओले करून बाहेर यायला लागलात. फक्त केस.

एप्रिलमध्ये एका सुटीच्या दिवशी मी लवकर उठले. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही न्हाणीच्या मागच्या दारातून बकेट घेऊन निघत होतात. दोन्ही हातांनी धरलेली, चार पावलं टाकून खाली ठेवत होतात, पुन्हा उचलत होतात. लिंबाशी जाऊन बसलात. पांढरा थर खुरप्याने खरवडून तुम्ही कधीच बाहेर टाकला होता, त्या जागी काळं कुजलेलं खत भरलं होतं. मग एक तांब्या ओतलात. थांबलात. तो जिरल्यावर दुसरा. घाई नाही. खाली मुरूम आहे, खार हळूहळू खाली उतरवायची, मुळांच्या पलीकडे. त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत नव्हतं, आणि ते तुम्ही करत होतात. शेवटच्या तांब्यात पंचा भिजवून तोंड, मान आणि काखा पुसल्या. उरलेलं डोक्यावर घेतलंत.

तिथेच झाडाशी बसून आंघोळ केली असती तर एकाच पाण्यात दोन कामं झाली असती, असं कोणी म्हणेल. पण समोर माझी खिडकी होती. सुनेच्या खिडकीसमोर तुम्ही उघड्या अंगाने बसणार नव्हतात. आणि ड्रमातलं पाणी मागणार नव्हतात, कारण मागायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. माझी चूक तुम्ही तुमच्या आंघोळीच्या पाण्याने धूत होतात, आणि मी तुम्हाला घाणेरडं म्हणाले होते.

मी खिडकीशी उभी होते. जिन्याखाली एक ड्रम भरलेला होता, पाहुण्यांसाठी राखलेला. मी कुठल्याही भांड्याला म्हणू शकले असते की उद्यापासून न्हाणीत दोन बकेटा राहतील. एवढं एक वाक्य. पण दुसरी बकेट ठेवली असती तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलं आहे. मी नाही ठेवली. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. रोज एक बकेट भरायची आणि खिडकीकडे पाठ करून चहा टाकायची.

त्यानंतर महिनाभराने तुम्ही गेलात. दुपारी झोपलात ते झोपलात. डॉक्टर म्हणाले हृदय. दुसऱ्या कशामुळे नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. लिंबाला तेव्हा नवी पालवी आली होती. तुम्ही ती पाहिली होती, एवढं मला माहीत आहे, कारण त्या सकाळी तुम्ही त्याला "आलास का" म्हणालात.

तेरवीच्या दिवशी मांडवात बायका बसल्या होत्या. टँकर येऊन गेला होता, पाणी मुबलक होतं, कदाचित त्यावरूनच विषय निघाला. शोभाताईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "वहिनी, माह्या बापाले तुम्ही आंघोळीले पानी देत नव्हते काय?"

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "शिकेल सून आहे, मोजून देत असन."

मी म्हणाले, "रोज भरून बकेट देत होती. विचारा तुमच्या भावाले. तेच झाडाले टाकत होते."

यातला एक शब्द खोटा नव्हता. गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या गंगाबाई म्हणाल्या, "चळले असन बाप्पा. होते असं या वयात." आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. माझ्याकडे पाहायची नजर बदलली. बेबीबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शोभाताई रडायला लागल्या, "बाबाचं असं झालतं आन मले कोनी सांगतलं नाई." पंगत बसेपर्यंत ही गोष्ट पुरुषांकडे पोचली होती. संध्याकाळी तुमच्या मुलाने विचारलं, "बाबांचं खरंच तसं झालं होतं का? माझ्या लक्षात कसं नाही आलं?" मी म्हणाले, "मला काय माहीत."

मग चार दिवस शोभाताई घरात होत्या आणि आठवून आठवून खुणा जमवत होत्या. बाबा फक्त केस ओले करायचे. बाबा पहाटे बकेट घेऊन फिरायचे. "आन झाडाशी बोलत होते नं," त्या फोनवर कोणाला तरी सांगत होत्या. "तवाच समजाले पाह्यजे होतं."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. तुम्ही झाडाशी कधीच बोलत नव्हतात. तुम्ही माझ्याशी बोलत होतात, आणि हे सांगू शकणारी जगात मी एकटी उरले होते.

आज सकाळी त्यांची बॅग भरली होती. अकराची बस. मी त्यांना मागे घेऊन गेले आणि लिंबाजवळ उभी राहून सांगितलं. पाइप, पांढरी खार, लोहाचं औषध, पाइप गुपचूप काढला ते, खिडकीतून पाहिलं ते.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंग तेरवीले काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"कोनाची?"

"माझीच. एवढं शिकून असं झालं म्हणून."

त्या आळ्याशी बसल्या. मातीवर तळहात ठेवला. वर न पाहता त्यांनी विचारलं, "दुसरी बकेट होती घरात?"

"होती."

मला वाटलं, बॅग उचलून निघतील. उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "मले एकटीले सांगून काय फायदा? ज्यायच्यासमोर माह्या बापाले पागल ठरवलं, त्यायले सांगा. बस मी सोडतो."

बेबीबाईंच्या ओसरीवर पापड लाटणं चालू होतं. गंगाबाईंसह पाच-सहा बायका. सुतक फिटलेलं असलं तरी मला पाहून सगळ्या थांबल्या. शोभाताई माझ्या मागे उभ्या राहिल्या, मी पळून जाऊ नये म्हणून राहिल्यासारख्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वर्गात शिकवते तसं, क्रमाने. झाडांशी बोलायची तुमची रीत काय होती तेही. दुसऱ्या बकेटीचा विषय शोभाताईंनी काढायच्या आधी मीच काढला.

गंगाबाई म्हणाल्या, "म्हनजे म्हातारबाचं डोकं शाबूत होतं."

"हो."

"आन तुह्यं?"

"माझं नव्हतं."

"हं," गंगाबाई म्हणाल्या आणि लाटणं पुन्हा हातात घेतलं. कोणी माझी समजूत काढली नाही. मीही ती मागायला गेले नव्हते. जायला वळले तर बेबीबाई चाचरत म्हणाल्या, "माह्या मोगऱ्याले बी मशीनचाच पाइप आहे. तुमचं पाहूनच लावला मी. पिवळा पडून राह्यला तो."

सगळ्या मोगऱ्याकडे गेल्या. मी कुटार बाजूला केलं. तीच पांढरी खार. मी सांगितलं, पाइप आजच काढा. वरचा थर खरवडून लांब टाका, नाहीतर पावसात परत येईल. कुजलेलं खत भरा. मग साधं पाणी, एक तांब्या ओतायचा, तो जिरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. पाऊस लागेपर्यंत रोज. घाई केली तर पाणी वरून वाहून जातं आणि खार जागेवर राहते. धुण्याचं पाणी सोडायचंच असेल तर केळीत सोडा.

गंगाबाई वाकून पाहत होत्या. "हे कोनत्या पुस्तकात आहे वं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत शोभाताई खुरपं घेऊन खाली बसल्या होत्या. त्यांनी पहिला थर उचलला, बाजूला टाकला आणि गंगाबाईंकडे पाहून म्हणाल्या, "माह्या बापानं सांगतलं आहे."